धडधाकट असताना नाव नोंदवा : विद्यापीठाच्या आवारातल्या फॅमिली डॉक्टरांकडे कसं जायचं

सत्राचा तिसरा आठवडा. रात्रभर ताप, घसा इतका दुखतोय की पाणीही गिळवत नाही, आणि सकाळी शेजारच्या खोलीतलं कुणी आठवण करून देतं, “अगं, ग्रंथालयाच्या मागे दवाखाना आहे ना आपला!” फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, “तुमचं नाव आमच्याकडे नोंदवलेलं आहे का?” नसतं. मग फॉर्म, विम्याचा क्रमांक, जुन्या लसींच्या नोंदी, चालू औषधांची नावं... आणि हे सगळं अंगात फणफणता ताप असताना. आवारातल्या दवाखान्याशी बहुतेकांची पहिली गाठ अशी पडते आणि नंतर वर्षभर दवाखान्याला नावं ठेवली जातात. खरं तर चुकलेली असते ती वेळ. फॅमिली डॉक्टरांशी ओळख आधी झालेली असली की दुखणं येतं तेव्हा निम्मं काम उरकलेलं असतं. परदेशात शिकायला आलेल्या आपल्यासारख्यांसाठी खालची कामं करायच्या क्रमाने लिहिली आहेत, नाव नोंदवण्यापासून विद्यापीठ सोडताना फाइल हातात घेण्यापर्यंत.

आधी पाहा, दवाखाना नेमका कुणाचा

आवारात आरोग्याची पाटी लावलेल्या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. एक म्हणजे विद्यार्थी आरोग्य केंद्र. ते विद्यापीठ चालवतं, बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून त्याचा खर्च निघतो आणि ओळखपत्र चालू आहे तोवरच ते तुमचं. दुसरा, फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र दवाखाना. जागा विद्यापीठाची, डॉक्टरांचा गट वेगळा. इथे प्राध्यापक, कर्मचारी, त्यांची लहान मुलं, म्हातारे आईवडील, आसपास राहणारे लोक असे सगळेच येतात आणि पदवी घेतल्यावर त्याच शहरात राहिलात तर तुम्हीही त्यांचे पेशंट राहू शकता. तिसरा, वैद्यकीय विद्याशाखेचा शिकवण्याचा दवाखाना, जिथे निवासी डॉक्टर अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट पाहतात. दुसरा आणि तिसरा प्रकार एकाच छताखाली असणंही नेहमीचं आहे.

फॅमिली डॉक्टर म्हणजे कशातच विशेष शिक्षण न घेतलेला डॉक्टर, हा समज आता सोडा. अमेरिकेत १९६९ साली या शाखेला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. कॅनडात फॅमिली डॉक्टरांचं कॉलेज १९५४ पासून आहे आणि इयन मॅक्विनी १९६८ साली वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात या विषयाचे त्या देशातले पहिले प्राध्यापक झाले. वैद्यकीय पदवीनंतर अमेरिकेत तीन वर्षं आणि कॅनडात दोन वर्षं फक्त याचंच निवासी प्रशिक्षण असतं. त्यामुळे शिकवणाऱ्या दवाखान्यात तुमच्यासमोर बसलेली तरुण व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते, ‘शिकाऊ’ म्हणून तिला कमी लेखू नका. तिथली भेट थोडी लांबते, कारण निवासी डॉक्टर तुमचं ऐकून घेतात, तपासतात, बाहेर जाऊन वरिष्ठांशी बोलतात आणि परत येतात. त्या दहा मिनिटांत तुमच्या दुखण्याचा विचार दोन डोकी करत असतात. मला तर हा तोट्याचा सौदा वाटत नाही. मात्र वैद्यकीय विद्यार्थी खोलीत नको असेल तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्याचं कारणही द्यावं लागत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. निवासी डॉक्टर दोन-तीन वर्षांत प्रशिक्षण संपवून निघून जातात. एका वर्षाचा अभ्यासक्रम असेल तर काही बिघडत नाही. पण पाच-सहा वर्षांची पीएचडी असेल, किंवा दमा, थायरॉइड, मधुमेह, अपस्मार असं कायमचं दुखणं असेल, तर नाव नोंदवतानाच विचारा, “मला कायमस्वरूपी असणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत घ्याल का?”

पहिल्या आठवड्यातलं काम : नोंदणी

वसतिगृहाची किल्ली आणि ग्रंथालयाचं कार्ड घेता त्याच आठवड्यात हेही करून टाका. फोनवर किंवा काउंटरवर चार गोष्टी विचारा. नवीन पेशंट घेता का, की प्रतीक्षा यादी आहे? माझा विमा इथे चालतो का? रक्ताच्या तपासण्या इथेच होतात की बाहेरच्या प्रयोगशाळेत, आणि ती प्रयोगशाळा माझ्या विम्यात बसते का? दवाखाना बंद असताना फोन कुठे करायचा? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि अनपेक्षित बिल नेमकं तिथूनच येतं, कारण डॉक्टरांची भेट विम्यात बसली तरी प्रयोगशाळा बसेलच असं नाही.

प्रतीक्षा यादी असेल तरी नाव घालून ठेवा आणि तोवर तातडीची सोय कुठे आहे तेही त्यांनाच विचारा.

ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे एका वेळी एकाच जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, कायमची नोंदणी असते. विद्यापीठाजवळ नाव घातलं की आधीच्या जीपीकडचं आपोआप निघतं. वर्षाचा बहुतेक काळ जिथे काढता तिथे नोंदणी ठेवावी, आणि सुट्टीत दुसरीकडे आजारी पडलात तर तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी तात्पुरता पेशंट म्हणून दाखवता येतं.

एक पानाची फाइल

जुनी जाडजूड फाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की ती चाळायलाच भेटीचा वेळ जातो. मूळ कागद जपून ठेवा, पण सोबत एक पान तयार करा आणि ते करताना हात आखडता घेऊ नका. वर्षानुवर्षं उपयोगी पडणारा कागद हाच.

औषधं कंपनीच्या नावाने लिहू नका, मूळ औषधाच्या नावाने लिहा. कंपनीची नावं देश बदलला की निरुपयोगी होतात, आणि कधीकधी मूळ नावही बदलतं. बहुतेक जग ज्याला पॅरासिटामॉल म्हणतं त्याला अमेरिकेत आणि कॅनडात ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून आणि कशासाठी, हे पाचही रकाने भरा.

ॲलर्जीच्या रकान्यात नुसतं ‘पेनिसिलिन’ लिहून थांबू नका. नक्की काय झालं होतं? अंगावर पुरळ की श्वास कोंडला? किती वर्षांचे होतात? अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोकांच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, प्रत्यक्षात ती एक टक्क्याहूनही कमी लोकांना असते. या गैरसमजाचा एक उगम तर विद्यापीठाच्या वयातलाच आहे. ग्रंथिज्वर, म्हणजे ज्याला अमेरिकेत ‘मोनो’ म्हणतात, तो झालेला असताना कुणी अमॉक्सिसिलिन घेतलं की अंगभर पुरळ उठू शकतं. ती बऱ्याचदा खरी ॲलर्जी नसते, पण शिक्का बसतो, आणि पुढे प्रत्येक डॉक्टर त्या साध्या, चांगल्या औषधापासून दूर राहतो. असा शिक्का तुमच्यावर असेल तर तो तपासून काढता येईल का, हे निवांत भेटीत विचारा.

घराण्यातल्या आजारांबद्दल लिहिताना वय लिहा. वडिलांना हृदयविकार होता एवढ्याने फारसं कळत नाही, तो कितव्या वर्षी झाला याने कळतं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत, तर डॉक्टर ते वेगळ्या नजरेने पाहतात. मोठ्या आतड्याचा किंवा स्तनाचा कर्करोग जवळच्या नात्यात असेल तर तोही वयासकट लिहा, कारण तुमच्या तपासण्या किती लवकर सुरू करायच्या हे त्यावर ठरू शकतं. घरी फोन करून विचारायला अवघड वाटतं खरं, पण एकदाच विचारायचं असतं.

लसी आणि क्षयाची चाचणी

अनेक विद्यापीठं प्रवेशाच्या वेळी लसींचा पुरावा मागतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे दोन डोस, मध्ये किमान २८ दिवसांचं अंतर, ही सर्वसाधारण मागणी असते. मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लसही मागितली जाते, कारण वसतिगृहात दाटीने राहणाऱ्या तरुणांमध्ये त्याचा धोका वाढतो. जुना पुरावा सापडत नसेल तर घाबरू नका. रक्तातून प्रतिकारशक्ती तपासता येते, किंवा गोवराची लस सरळ पुन्हा घेता येते, आधी घेतलेली असली तरी पुन्हा घेण्याने अपाय होत नाही. गर्भवती असाल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र ही लस घेण्याआधी तसं सांगा.

क्षयाच्या चाचणीची गंमत वेगळीच आहे. त्वचेखाली टोचून केलेली चाचणी ४८ ते ७२ तासांत पुन्हा दाखवावी लागते. गुरुवारी टोचून घेतली आणि दवाखाना शनिवार-रविवार बंद, तर चाचणी वाया गेली. सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घ्या. लहानपणी बीसीजी टोचलेली असेल तर या चाचणीचा निकाल खोटा होकारार्थी येऊ शकतो. म्हणून आपल्यासारख्यांनी सुरुवातीलाच सांगावं की मला बीसीजी दिलेली आहे, त्याऐवजी रक्ताची चाचणी होईल का. त्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही आणि दुसऱ्यांदा यावंही लागत नाही. गोवराची लस आणि क्षयाची चाचणी दोन्ही करायच्या असतील तर त्या एकाच दिवशी उरका. लस आधी घेतलीत तर चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं.

काहीच होत नसताना पहिली भेट

‘नवीन पेशंटची ओळखभेट’ असं म्हणून वेळ मागा. ती नेहमीच्या भेटीपेक्षा मोठी असते. रक्तदाब, वजन, ते एक पान, चालू औषधांची नवी चिठ्ठी, राहिलेल्या लसी, एवढं झालं की काम संपलं. पण त्या अर्ध्या तासात डॉक्टरांनी तुम्हाला बरं असताना पाहिलेलं असतं. पुढे कधी तुम्ही खंगलेले, झोप उडालेले त्यांच्यासमोर बसलात, तर तुलनेला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

तोच तोच डॉक्टर मागत राहावं का? हो, आणि थोडं चिकटपणे. २०१८ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २२ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या १८ अभ्यासांत डॉक्टर न बदलणाऱ्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. नॉर्वेतल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच फॅमिली डॉक्टरकडे राहिलेल्यांना रुग्णालयात तातडीने दाखल व्हायची वेळ बरीच कमी आली. विद्यापीठात कुणी पंधरा वर्षं काढत नाही (काढणारे असतात म्हणा). तरी तीन वर्षांतही हा फरक जाणवतो, कारण दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

वेळ कशी मिळवायची

आवारातल्या दवाखान्याचं कॅलेंडर विद्यापीठाच्या कॅलेंडरावर चालतं. सत्राचे पहिले तीन आठवडे, पहिल्या चाचण्यांनंतरचा आठवडा जेव्हा सगळं वसतिगृह खोकत असतं, आणि अंतिम परीक्षेआधीचे दिवस, तेव्हा गर्दी असते. सुट्टीच्या तोंडावर सगळ्यांना महिनाभराच्या गोळ्या हव्या असतात. न घाईची कामं, जसं की लसी, गर्भनिरोधनाचा सल्ला, त्वचेवरचा जुना डाग, नेहमीच्या औषधांची पाहणी, ही सत्राच्या मधल्या शांत आठवड्यांत ठेवा. अनेक दवाखाने त्या दिवसाच्या काही वेळा राखून ठेवतात आणि सकाळी दार उघडताच देतात. त्या वेळा किती वाजता खुल्या होतात, हे एकदा विचारून ठेवलं की झालं.

रिसेप्शनवर कारण विचारलं की अनेकांना राग येतो. ‘हे डॉक्टरांना सांगेन, यांना कशाला?’ पण समोरच्या व्यक्तीला फक्त ठरवायचं असतं की तुम्हाला आज बघायला हवं की पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांनी की नर्सने, दहा मिनिटं लागतील की वीस. एका वाक्यात सांगा. खाजगी असेल तर ‘खाजगी बाब आहे, पण आजच दाखवायला हवं’ एवढं पुरेसं आहे. दोन-तीन तक्रारी असतील तर आधीच दुप्पट वेळ मागा.

जाता येणार नसेल तर कळवा. न कळवता गैरहजर राहिल्यास काही दवाखाने दंड घेतात, काही तर वारंवार तसं झाल्यावर नावच काढतात.

खोलीत गेल्यावर

सगळ्यात महत्त्वाची तक्रार सगळ्यात आधी. घसा, मग पाठ, मग केस गळणं, आणि दाराच्या मुठीला हात लावल्यावर, “डॉक्टर, जाता जाता एक विचारू का? छातीत अधूनमधून धडधडतं...” असं करू नका. डॉक्टरांना हे इतकं ओळखीचं आहे की त्याला त्यांच्यात वेगळं नाव आहे. आणि मनात जी भीती आहे ती बोलून टाका. ‘मला वाटतंय ही गाठ कर्करोगाची असेल’ असं म्हटलंत तर डॉक्टर त्या प्रश्नाचं उत्तर देतील. नाहीतर ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळे होतात आणि तुम्ही भीती तशीच घेऊन परतता.

दुसऱ्या भाषेत दुखणं सांगणं हे आपल्यासाठी वेगळंच काम आहे. मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत! कळ येते, ठणका लागतो, ठसठसतं, चमक भरते, जळजळतं, मुंग्या येतात, ओढ बसते, आखडतं. इंग्रजीत सांगताना हे सगळं ‘पेन’ या एका शब्दात बसवलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. शब्द सापडत नसेल तर वर्णन करा. येऊन जातं की सतत असतं? सुईसारखं की दाबल्यासारखं? एका बोटाने दाखवता येतं की पूर्ण तळहात फिरवावा लागतो? रात्री झोपेतून उठवतं का? चक्कर हा तर फसवा शब्द आहे. खोली गरगर फिरते ती चक्कर वेगळी आणि उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी. दोन्हींचे तपास वेगळ्या दिशांना जातात. ‘अशक्तपणा’ म्हणतानाही तेच. जिना चढताना धाप लागते, हातातून वस्तू निसटतात, की काही करावंसंच वाटत नाही?

दुभाष्या हवा असेल तर वेळ घेतानाच सांगा. मैत्रिणीला किंवा जोडीदाराला दुभाष्या म्हणून नेऊ नका. जे तुम्ही तिच्यासमोर बोलणार नाही ते नेमकं राहून जातं. तपासताना खोलीत तिसरी व्यक्ती, शक्यतो स्त्री नर्स, हवी असेल तर मागता येते.

निघण्यापूर्वी दोन वाक्यं. एक, “मला जे कळलं ते परत सांगते, बरोबर आहे का बघा.” दोन, “किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि काय झालं तर मी आधीच परत यावं?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक न देता पाठवलं म्हणून कुरकुर करणारे बरेच भेटतात. विषाणूच्या आजारावर ते चालत नाही आणि न देणारा डॉक्टर सहसा चांगला डॉक्टर असतो.

मनाचं दुखणं इथेच सांगा

समुपदेशन केंद्र वेगळं असतं, तरी सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करता येते आणि अनेकांना ते सोपं जातं, कारण प्रतीक्षालयात बसलेला माणूस कशासाठी आला आहे हे कुणाला कळत नाही. आधी बहुधा दोन छोट्या प्रश्नावल्या देतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्न, गुण ० ते २७, आणि चिंतेसाठी सात प्रश्न, गुण ० ते २१. ही परीक्षा नव्हे, त्यामुळे चांगलं दिसावं म्हणून उत्तरं देऊ नका. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे खरं लिहिलं की लगेच कुठेतरी डांबून ठेवतील या भीतीने लोक खोटं लिहितात. बहुतेक वेळा त्या उत्तरावर डॉक्टर जास्त वेळ बसतात आणि सविस्तर विचारतात, एवढंच होतं.

गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, विचार आणखी काळे झाल्यासारखं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. सुट्टी सुरू होण्याआधी त्या संपत तर नाहीत ना, हे मोजा.

जिथे तास मोजायचे असतात

काही गोष्टींना ‘सोमवारी बघू’ चालत नाही. असुरक्षित संबंधानंतरची लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत देता येतं. तांबीही पाच दिवसांपर्यंत बसवता येते आणि ती सर्वांत खात्रीची. एचआयव्हीचा संपर्क झाल्याची शंका असेल तर प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी दवाखाना बंद असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. तिथे कुणी उपदेश करायला बसलेलं नसतं, आणि बसलं तरी औषध मागून घ्या.

आणि या दुखण्यांत दवाखान्यात मुळीच येऊ नका, थेट आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा : छातीत दाब, श्वास अपुरा पडणं, शुद्ध हरपणं, अर्धं अंग लुळं पडणं, जीव द्यायचा विचार हाताशी आलेला. ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही आणि काचेचा पेला दाबून धरला तरी न पुसटणारे डाग, हा मेंदूज्वर असू शकतो. झोपून बघू म्हणायची ही वेळ नव्हे. युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. मनाच्या आणीबाणीसाठी अमेरिका आणि कॅनडात ९८८. रुग्णवाहिका आवारात हमखास चुकते, म्हणून इमारतीचं नाव, कोणतं प्रवेशद्वार आणि कितवा मजला हे सांगा, आणि कुणालातरी फाटकापाशी उभं करा.

चिठ्ठ्या, दाखले आणि कोण काय पाहतं

आजारपणाचा दाखला हवा असेल तर आजारी असताना जा. सहाव्या दिवशी खडखडीत बरं होऊन गेलात तर ‘पेशंट असं असं झाल्याचं सांगतात’ यापलीकडे डॉक्टर प्रामाणिकपणे काय लिहिणार? परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी खोली हवी असेल तर तो फॉर्म सत्राच्या सुरुवातीलाच द्या. त्यात आजाराच्या नावापेक्षा तुम्हाला काय जमत नाही हे लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं, उदाहरणार्थ सलग तीन तास बसणं. आजाराचं नाव लिहायचं की नाही हे डॉक्टरांशी आधी ठरवा.

दवाखाना आवारात आहे म्हणून तुमचे गाइड तुमची फाइल उघडू शकत नाहीत. पण बारकावे देशाप्रमाणे बदलतात. अमेरिकेत विद्यापीठाने स्वतः चालवलेल्या आरोग्य केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींना सहसा १९७४ चा शैक्षणिक नोंदींचा ‘फेर्पा’ कायदा लागू होतो, तर बाहेरच्या संस्थेने चालवलेल्या दवाखान्याला आरोग्याच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा १९९६ चा ‘हिपा’. सरळ विचारा, “माझ्या नोंदी कोणत्या कायद्याखाली येतात आणि कुणाला दिसतात?” खरी गळती बहुतेकदा दुसरीकडूनच होते. आईवडिलांच्या विम्यावर असाल तर विमा कंपनीचा खर्चाचा कागद घरच्या पत्त्यावर जातो आणि त्यात भेट कशाची होती हे कळू शकतं. तो कागद फक्त तुमच्याकडे यावा अशी सोय अनेक ठिकाणी मागता येते, पण ती भेटीच्या आधी मागावी लागते.

रिपोर्ट आणि पुढची चिठ्ठी

‘काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे’ यावर विसंबू नका. माझ्या एका रक्ततपासणीचा रिपोर्ट तीन आठवडे कुणाच्या तरी खोक्यात पडून होता, आणि मी आपली निवांत. तेव्हापासून रक्त देतानाच विचारते : किती दिवसांत येईल, कुठे दिसेल, आणि नाही दिसला तर कुणाला फोन करू? दवाखान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर लाल अक्षरातला आकडा डॉक्टरांच्या आधी तुम्हाला दिसू शकतो. तो इंटरनेटवर शोधत रात्र घालवण्याआधी लक्षात घ्या की मर्यादेच्या किंचित बाहेरचे आकडे धडधाकट माणसातही दिसतात.

तज्ज्ञाकडे पाठवलं तर तिथली वेळ दवाखाना घेणार की तुम्ही, हे खोलीतच विचारा. चिठ्ठी कुठे अडकते ती इथेच. नेहमीची औषधं संपायच्या दहा दिवस आधी मागवा. एकाग्रतेच्या विकारावरच्या गोळ्यांसारखी नियंत्रित औषधं असतील तर आणखी आधी, आणि ती घेऊन परदेशी जाणार असाल तर तिथल्या कायद्यात बसतात का ते तपासून डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. काही देशांत ती नेणंच गुन्हा आहे.

विद्यापीठ सोडताना

शेवटच्या सत्रात, प्रबंध जमा करण्याच्या गडबडीच्या आधी, एक निरोपाची भेट ठेवा. नवा डॉक्टर मिळेपर्यंत पुरतील इतकी औषधं, नियमात बसत असतील तर तीन महिन्यांची, लिहून घ्या. चालू उपचारांचा सारांश, अर्धवट राहिलेल्या तपासण्या, लसींची पूर्ण नोंद आणि त्या वर्षांत झालेल्या महत्त्वाच्या रिपोर्टच्या प्रती मागा. ते एक पान पुन्हा लिहून काढा. दवाखाना बाहेरच्यांनाही घेणारा असेल आणि शहर सोडणार नसाल, तर विद्यार्थी असण्याची नोंद बदलून तिथेच राहायला सांगा. आणि पोर्टलचं खातं विद्यापीठाच्या ईमेलवर काढलेलं असेल तर तो पत्ता आधी बदला. पदवीनंतर विद्यापीठाचं खातं बंद झालं की लॉगिनही जातं, आणि मग आपलाच रिपोर्ट काढायला अर्ज करावा लागतो.